कागदावरचा पांढरा कुत्रा

आमच्या घरातून विमानानं परदेशी गेलेले पहिले दोन जीव म्हणजे मी आणि ताईचा कुत्रा. दोघांपैकी त्याचं जाणं जास्त गरजेचं होतं, मी सोबतीला गेले. हे मी विनयानं लिहीत नाही, भाऊजींच्या पत्रात जवळजवळ तसंच होतं.

ताई लग्न होऊन बोटीनं आफ्रिकेला, नैरोबीला गेली होती. भाऊजी तिथे इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायचे. दुसऱ्या वर्षी तिला बाळ झालं आणि अकराव्या दिवशी गेलं. त्यानंतर ताईची पत्रं आखूड होत गेली आणि मग थांबली. पाच महिन्यांनी भाऊजींचं पत्र आलं. अण्णांनी ते डोंबिवलीच्या आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. त्यात लिहिलं होतं, तिची तब्येत ठीक आहे, जेवते, झोपते. पण फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. बाजारात नाही, शेजारी नाही, देवळातही नाही. परवा विचारलं, तुला काय आणू, तर म्हणाली, माझा कुत्रा आणा. एवढ्या दिवसांत तिनं मागितलेली ही एकच गोष्ट आहे, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो.

अण्णांनी पत्राची घडी घातली आणि चष्मा काढला. त्यांना काही सुचत नव्हतं तेव्हा ते चष्मा काढत.

आई म्हणाली, "मग पाठवू या. त्यात विचार कसला करायचा?"

"अगं, आफ्रिका आहे ती. पलीकडच्या कोपरला पाठवल्यासारखं बोलतेस."

"मुलगी नाही का पाठवली? मग कुत्रा जाईल."

हा कुत्रा ताईला कल्याणला मिळाला होता. लग्नाआधी ती तिथल्या रेल्वेच्या कचेरीत टायपिस्ट होती. तिच्या वरच्या जागेवरची अँग्लो-इंडियन बाई, रेल्वे कॉलनीत राहणारी, देश स्वतंत्र झाल्यावर नवऱ्याबरोबर इंग्लंडला निघाली. सगळं सामान विकलं, पण पिल्लू विकवेना. ते तिनं ताईच्या पदरात टाकलं. पांढरं शुभ्र, डावा कान तेवढा तांबूस, मोठं झालं तरी मांजरापेक्षा थोडंच मोठं. आईनं पहिल्या दिवशी सांगितलं, ओट्यावर राहील, आत नाही. सहा महिन्यांत ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आलं. उंबरठा त्यानं कधी ओलांडला नाही, पण नाक बरोबर त्यावर ठेवून पडून राहायचं. आई पोळ्या करताना त्याच्याशी बोलायची. ताई गेल्यावर जास्तच.

बोटीच्या एजंटानं 'कुत्रा' हा शब्द ऐकल्याबरोबर फाईल मिटली. विमान कंपनीचं पत्र मात्र सरळ होतं. अमुक इंच लांब-रुंद झाकणाची टोपली हवी. सरकारी पशुवैद्याचा दाखला हवा, तो सातच दिवस चालेल. तिकडून परवाना हवा, आणि बरोबर माणूस हवं. विमान आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी. माझं बी. ए. नुकतंच संपलं होतं, नोकरी लागली नव्हती, आणि ताईजवळ काही महिने राहायला कुणीतरी हवंच होतं.

"शिवाय ती बोलेल सगळीकडे," अण्णा म्हणाले. "इंग्रजी शाळेत घातलीय ती कशासाठी?"

मी ठाण्याला नन्सच्या शाळेत शिकले. घरात सगळ्यांचा समज होता की त्यामुळे मी कुठल्याही साहेबाशी बोलू शकते. खरं म्हणजे अनोळखी माणसाशी मला कुठल्याच भाषेत बोलता येत नसे. शाळेनं त्यात आणखी एका भाषेची भर घातली होती, एवढंच. लिहायला बसवलं तर मी चार पानं लिहीन, पण उभं राहून एक वाक्य म्हणायचं तर घसा बंद. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगायलाही बोलावंच लागलं असतं.

कामाची वाटणी आपोआप झाली. कागद अण्णांकडे, कुत्रा आईकडे. एकाच्या कामात दुसऱ्यानं लक्ष घालायचं नाही ही आमच्या घरची जुनी रीत.

टोपलीसाठी मी अण्णांबरोबर कल्याणला बुरुडाकडे गेले. अण्णांनी खिशातला कागद काढून इंच वाचले. म्हाताऱ्या बुरुडानं ते ऐकून घेतले आणि आपल्या वितीनं हवेत माप घेतलं.

"कोंबड्या किती?"

"कोंबड्या नाहीत. कुत्रा."

"कुत्रा? टोपलीत? नेताय कुठं?"

"आफ्रिकेला," अण्णा म्हणाले. "विमानानं."

बुरुडानं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, हातातली बांबूची कांब खाली ठेवली. मला वाटलं आता हसेल. तो म्हणाला, "मग तळ दुहेरी विणतो." आणि खरंच तसा विणला. झाकणाला वेताच्या दोन कड्या केल्या, आत हात घालून एकही कुसळ राहिलं नाही ना ते स्वतःच्या गालावर घासून पाहिलं. त्या म्हाताऱ्याला माझ्या ताईबद्दल काही ठाऊक नव्हतं.

जायच्या आठवड्यात, सोमवारी, अण्णांनी अर्धा दिवस रजा घेतली आणि कुत्र्यासकट मुंबईला जाऊन दाखला आणला. इंग्रजीत टाईप केलेला, खाली सही, वर शिक्का. अण्णांनी मला त्यातलं अक्षर न् अक्षर तपासायला लावलं. जात, वय, उंची, वजन. रंग: शुभ्र पांढरा, डावा कान तांबूस. सगळं बरोबर होतं. अण्णांनी तो कागद फाईलमध्ये घातला, फाईल ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

बुधवारी सकाळी मानपाड्याकडून दूध घालायला येणारी बाई ओट्यावर टेकली. ती आगरी, आमच्याकडे आठ-दहा वर्षं येणारी. कुत्रा मागच्या पायानं कान खाजवत होता. तिनं त्याला मांडीत ओढलं, कान उलटा केला आणि आईला हाक मारली.

"आगो आई, गोचीड झालीन या कानान. बघ, ही एक, ही दुसरी."

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "अगं बाई! शनिवारी जायचंय त्याला."

"त करंजाचे तेलान हलद कालव न् लाव. अंगभर लाव. दोन दिसांन एक रवनार नाय."

आईला ते पटलं. विमानात गोचीड निघाली तर कुत्र्याला उतरवतील, ही तिची भीती. उतरवतील म्हणजे नेमकं कुठे, हे तिनं विचारलं नाही. तिनं वाटीभर करंजेल कोमट केलं, मूठभर हळद घातली आणि त्याला घेऊन न्हाणीच्या दगडावर बसली. आधी कान, मग मान, मग पाठ, पोट, पायाची बोटं वेगळी करून त्यांच्या मधे, आणि शेवटी शेपटी, टोकापर्यंत. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. गोचिड्या पहिल्याच दिवशी गेल्या होत्या, तरी ती लावत राहिली. तिला कुणाला तरी तेल लावायचंच होतं, असं मला वाटलं.

कुत्रा हळूहळू झेंडूसारखा झाला. हे कुणाला दिसलं नाही का, असं पुढे लोकांनी आम्हाला विचारलं. अण्णा सकाळच्या गाडीनं कचेरीत जायचे, परत यायचे तेव्हा कंदील लागलेला आणि कुत्रा खाटेखाली. पण मला तर दिसत होतं. काय सांगू? आमच्या घरात हळद लावलेल्याला कुणी पिवळा म्हणत नाही. बोट कापलं, हळद लावली. गुडघा सुजला, हळद लावली. म्हणून बोट किंवा गुडघा पिवळा होत नाही, त्याला हळद लावलेली असते. तसाच हळद लावलेला कुत्रा. आमच्या हिशेबी तो पांढराच होता. शनिवारी सकाळी उजेडात अण्णांनी त्याला नीट पाहिलं आणि म्हणाले, "वास जरा येतोय."

आईनं माझ्या हातावर दही घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि आम्ही तिघं टोपली घेऊन निघालो. दादरला गाडी बदलायची होती. तिथे ट्रंक उचलणाऱ्या हमालानं टोपलीच्या फटीतून आत पाहिलं.

"काय हो, याला हळद लागली वाटतं! नवरी कुठाय?"

अण्णा कधी परक्याशी थट्टा करत नसत. ते म्हणाले, "नवरी आफ्रिकेत आहे."

हमाल हसला, आम्हीही हसलो. त्यातून काही बोध घ्यावा असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

सांताक्रूझच्या विमानतळावर एका खोलीत जनावरांचे कागद तपासणारे डॉक्टर बसले होते. चाळिशीचे, पांढरा कोट, पुढे टाक-दौत आणि शिक्क्यांची पेटी. अण्णांनी फाईल उघडून दाखला त्यांच्यापुढे ठेवला आणि मला खूण केली, बोल. मी टोपली टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. बोलण्याऐवजी तेवढंच जमलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला. कुत्रा पाहिला. परत कागद पाहिला.

"हा कुत्रा कुठला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हाच," अण्णा म्हणाले. "म्हणजे, दाखल्यातला."

"दाखल्यातला कुत्रा पांढरा आहे."

आम्ही तिघांनी टोपलीत पाहिलं. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा तो पिवळा दिसला. किती पिवळा! पंज्यांपासून मिशांपर्यंत. तांबूस कानसुद्धा ओळखू येत नव्हता.

"हळद आहे हो ती," आई मराठीत म्हणाली. ती मराठीतच बोलायची, समोर कोणीही असो.

"दिसतंय मला, हळद आहे," डॉक्टरही मराठीत आले. "मी कोल्हापूरचा आहे. पण हा कागद माझ्यासाठी नाही, आई. तिकडे उतरल्यावर जो साहेब बघेल त्याला हळद माहीत नसणार. त्याच्यासमोर कागद पांढऱ्या कुत्र्याचा आणि कुत्रा पिवळा. तो म्हणेल, कुत्रा बदललाय. नाहीतर म्हणेल, कावीळ झालीय. म्हणजे कुत्रा परत. किंवा परतही नाही."

"परतही नाही म्हणजे?"

डॉक्टर मनगटावरचं घड्याळ पाहून म्हणाले, "अजून दोन तास आहेत. धुऊन आणा. पांढरा दिसला तर मी सही करतो."

मी कुत्र्याला घेऊन नळावर गेले. माझ्या बॅगेत नवी साबणाची वडी होती, ती फोडली. ओल्या अंगावर साबण फिरवला आणि हाताखालचा फेस तांबडा झाला. मला वाटलं त्याला कुठे लागलंय. आणखी साबण लावला, आणखी तांबडा झाला. पाठ, पोट, शेपूट, सगळा कुत्रा कुंकवात बुडवून काढल्यासारखा. तो माझ्याकडे शांतपणे बघत होता. मी त्याला पंच्यात गुंडाळला आणि परत आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लाल होते.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "रक्त कसलं?"

"अगं, साबण लावलास?" आई म्हणाली.

"मग काय लावायचं?"

"हळदीला साबण? अगं, हळदीला साबण लागला की तांबडं होतं. इतकी वर्षं शाळेत गेलीस, हे नाही शिकवलं कुणी?"

"आम्हाला हळद नव्हती गं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी दाखला तोंडासमोर धरला. कागद थोडा हलत होता. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. "अहो, बघता काय, लिंबू आणा कुठून तरी." अण्णा उपाहारगृहाकडे अक्षरशः पळाले. दोन लिंबं घेऊन आले, मागोमाग गंमत बघायला तिथला आचारीही आला. आईनं लिंबू पाण्यात पिळून कुत्र्याला पुसलं. जिथे पाणी लागेल तिथे तांबडा जाऊन पिवळा येत गेला. आचाऱ्यानं 'वा' म्हटलं. पण पिवळ्याच्या पुढे रंग हलेना.

"पांढरा कधी होणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"उन्हात. हळद उन्हातच जाते. आठेक दिवस."

"विमान तासाभरात आहे, आई."

पुढचं विमान पुढच्या शनिवारी. तोवर दाखल्याचे सात दिवस संपलेले, म्हणजे नवा दाखला, आणि तोही पिवळ्या कुत्र्याला कोण देणार? भाऊजींनी शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की ताई रोज सकाळी कॅलेंडरवर बोट ठेवून शनिवार मोजते. अण्णांनी चष्मा काढला.

"तू तरी पुढे जा," ते मला म्हणाले. "कुत्र्याचं नंतर बघू."

"रिकामी टोपली घेऊन मी ताईसमोर जाणार नाही," मी म्हटलं. आवाज लहान होता, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला असावा, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी खाली बघायला लागले.

आईनं तेवढ्यात आपल्या पिशवीतून हळदकुंकवाची कोयरी काढली. अण्णांच्या खिशातला इस्त्रीचा रुमाल ओढून घेतला. टेबलावर पसरला, ओला केला, रुमालभर हळद चोळली. एका कोपऱ्याला माझा साबण घासला, तो तांबडा झाला. त्या तांबड्याच्या अर्ध्यावर लिंबू पिळलं, ते पुन्हा पिवळं झालं.

"हे दाखवायचं त्या साहेबाला. डोळे तर असतीलच ना त्याला?"

डॉक्टरांनी रुमाल उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "साहेबाला डोळे असतात. पण रुमालाला तोंड नसतं. बरोबर लिहून द्यावं लागेल, इंग्रजीत, स्वच्छ." ते अण्णांकडे वळले, अण्णा माझ्याकडे. डॉक्टर स्वतःच्या खुर्चीवरून बाजूला झाले आणि टाक माझ्या हातात दिला. "तुम्ही लिहा. मी सही करतो."

मी बसले आणि लिहिलं. कुत्रा मूळचा पांढरा आहे, निघण्यापूर्वी त्याच्या अंगावर हळद आणि तेल लावलं आहे, आमच्याकडे तो घरगुती उपाय समजतात, रंग वरचा आहे, आजाराचा नाही, सोबतच्या कापडावर साबण आणि लिंबाचा रस लावून खात्री करावी. डॉक्टरांनी वाचून फक्त 'घरगुती'च्या आधी 'निरुपद्रवी' घालायला सांगितलं. खाली सही केली, शिक्का मारला, रुमालाची घडी करून टाचणीनं कागदाला लावली, आणि टाचणीवरही एक शिक्का मारला.

"हे नियमात बसतं का, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "बसत नाही असं कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही."

आईनं माझ्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू त्यांच्यापुढे ठेवले. ते नको म्हणाले. "घ्या हो, कुत्र्याच्या हातचे नाहीत," आई म्हणाली. त्यांनी ते टिपकागदात बांधून घेतले.

त्यांचं नाव आम्ही विचारलं नाही. सहीचं अक्षर लागत नव्हतं. या गोष्टीला चार वर्षं झाली. मी त्यांना मनात बरीच पत्रं लिहिली, कधी इंग्रजीत, कधी मराठीत. ती टाकायची कुठे, हे कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला बोलायला लावलं नाही, लिहायला दिलं, याबद्दलही मला त्यांचे आभार मानायचे होते.

विमानाचं मला फारसं आठवत नाही. आवाज आठवतो, कान दुखले ते आठवतात. टोपली मागे सामानाच्या जागेत होती. टोपी घातलेला, चांगला पन्नाशीचा एक गोवेकर गृहस्थ खाण्याचे ट्रे फिरवत होता. मी त्याला विचारण्यासाठी तीनदा वाक्य जुळवलं, तिन्ही वेळा तो पुढे गेला. चौथ्यांदा तो आपणच वाकून म्हणाला, "तुमचा पिवळा पाणी प्याला. झोपला आता." एडनला विमान थांबलं तेव्हा त्यानं टोपली खाली आणून दिली आणि भट्टीसारख्या उन्हात माझ्याबरोबर उभा राहिला, कुत्रा पाय मोकळे करेपर्यंत.

नैरोबीला तपासणीचा साहेब उंच, लाल तोंडाचा होता. त्यानं दाखला वाचला, कुत्रा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी टाचणी लावलेला कागद पुढे सरकवला. त्यानं तो दोनदा वाचला. मग रुमाल सोडवला आणि कुणाला तरी साबण आणायला पाठवलं. एक कोरा पिवळा कोपरा धरून त्यावर स्वतः साबण घासला. तांबडं झालं. त्यानं शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कोपऱ्यावर करून दाखवलं. तिघं शाळकरी पोरांसारखे रुमालावर वाकले होते. शेवटी त्यानं विचारलं, हे कापड मला ठेवता येईल का? अण्णांचा रुमाल मी त्याला देऊन टाकला.

मग तो म्हणाला, कुत्रा घेतला. पण इथल्या कायद्याप्रमाणे तो महिनाभर सरकारी जागेत वेगळा राहील. मालकाला रोज दुपारी तीन ते पाच भेटता येईल.

म्हणजे शेवटी मी रिकाम्या हातांनीच बाहेर आले. टोपलीसुद्धा त्यांनी ठेवून घेतली. भाऊजी एकटेच न्यायला आले होते.

ताई घराच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत. इतकी बारीक झालेली. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"कुठाय?"

मी सांगितलं. सरकारी जागा, एक महिना, तीन ते पाच. सांगताना मला वाटत होतं की ती आता वळून आत जाईल आणि परत बाहेर येणार नाही.

ती म्हणाली, "खातो का तिथे?"

"माहीत नाही. घरचं सोडून तो कुणाच्या हातचं खात नाही, तुला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तिनं भाकरी दुधात कुस्करून डब्यात भरली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. फाटक तिनं उघडलं नाही. मी उघडलं. तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही निघालो, तांबड्या मातीच्या रस्त्यानं, अर्धा तास. तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. समोरून कुणी आलं की ती थांबायची, मग पुन्हा चालायची.

तारेच्या जाळीपाशी कुत्र्यानं तिला पाहिलं आणि असा आवाज काढला जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. राखणदारानं दार उघडलं. ताई जमिनीवर बसली, तो तिच्या मांडीत चढला.

"हे काय गं, पिवळा कसा हा?"

"आईनं."

तिनं नाक त्याच्या मानेत खुपसलं. करंजेलाचा तो उग्र वास मला उभ्या उभ्या येत होता. "शेपटीपर्यंत लावलंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती, असं भाऊजींनी मला रात्री सांगितलं. मी पलीकडच्या पिंजऱ्यांतले कुत्रे बघत राहिले. पाच वाजेपर्यंत बघण्यासारखं तेवढंच होतं.

पुढे रोज आम्ही जात राहिलो. पहिला आठवडा माझ्या मनगटावर वळ असायचे. दुसऱ्या आठवड्यात ती नुसती बाजूनं चालायला लागली. शेजारच्या पिंजऱ्यातल्या काळ्या कुत्रीला भेटायला कुणी येत नव्हतं, तिच्यासाठी ताई वेगळी भाकरी घ्यायला लागली. एकदा पाण्याचं भांडं शेवाळलेलं दिसलं तर तिनं राखणदाराला हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी मराठीत असं काही झापलं की मी दोन पावलं मागे सरकले. तोही मागे सरकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पिंजऱ्यांची भांडी घासलेली होती आणि त्यानं ताईला बसायला खोकं आणून दिलं. कुत्र्याची पाठ उन्हानं पांढरी होत होती, पोट अजून पिवळं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी आई-अण्णांना पत्र लिहीत बसले होते. लिहिता लिहिता माझं घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही. पाहिलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी धावत स्वयंपाकघरात गेले. डबा नव्हता. ताईच्या खोलीत पाहिलं, परसात पाहिलं, हाका मारल्या. दाराशी तिच्या चपला नव्हत्या आणि फाटक उघडं होतं.

मी रस्त्यावर आले. लांबपर्यंत कुणी दिसत नव्हतं. मागून धावत गेले असते तर कदाचित तिला गाठलं असतं. मी फाटक लावून घेतलं आणि आत येऊन पत्र पुढे लिहायला घेतलं. शेवटी लिहिलं की ताई आज कुणाला न सांगता घराबाहेर गेली आहे, साडेपाच वाजले तरी अजून परत आलेली नाही, आणि आम्ही सगळे खुशाल आहोत.